जुन्या फोटोतले पांढरे आभाळ

श्रोतेहो, तुमच्या शाळेत किंवा घरी शंभर वर्षांपूर्वीचा एखादा उघड्यावरचा फोटो असेल, तर त्यातले आभाळ जरा निरखून पाहा. तटबंदी दिसेल, झाडे दिसतील; आभाळ मात्र बहुधा कोऱ्या कागदासारखे. मग त्या दिवशी ढग नव्हते, असे समजायचे काय? तसे मुळीच नाही.

मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्यात होते. त्यांचे बंधू नारायण दाजी स्वतः फोटो काढीत. त्या काळच्या लेपावर निळा प्रकाश फार लवकर उमटे, हिरवा नि तांबडा जवळजवळ उमटतच नसे. जमीन उमटेपर्यंत थांबावे, तर आभाळ पांढरेफटक होई. आभाळ सांभाळावे, तर जमीन काळीठिक्कर पडे.

फ्रान्सच्या ग्युस्ताव्ह ल ग्रे याने 1856-57 च्या सुमारास यावर एक युक्ती काढली. समुद्र एका निगेटिव्हवर, ढग दुसऱ्यावर, आणि छापताना क्षितिजाशी दोहोंचा सांधा. चित्रे देखणी झाली. पण एकच आभाळ त्याने वेगवेगळ्या समुद्रांवर चढवले!

चित्रकाराला ही अडचण नसते. आपल्या कोल्हापूरचे आबालाल रहिमान रंकाळा, कोटितीर्थ रंगवीत. जलरंगात आभाळ रंगवताना वर गडद रंग धरून तो क्षितिजाकडे पातळ करीत आणण्याची रीत आहे. हीच रीत पुढे काचेवर आली. वरचा भाग रंगीत, खाली येता येता स्वच्छ. हाच ग्रॅज्युएटेड फिल्टर. आरंभी या काचा पिवळ्या असत, कारण पिवळी काच निळा प्रकाश अडवते. पुढे करड्या आल्या. त्या गडद भागातून निम्मा, पाव किंवा अष्टमांश प्रकाश आत सोडतात.

उसाला पाणी पाजताना पाटाजवळचा वाफा तुडुंब भरतो नि टोकाचा कोरडा राहतो, म्हणून आपण जवळचे दारे थोडे बुजवतो. ही काच तेच करते. मात्र वारणानगरच्या ऊसमळ्यातून दक्षिणेला जोतिबाचा डोंगर टिपायचा, तर सावध राहावे लागते. काचेच्या गडद भागात डोंगरमाथाही सापडतो नि काळवंडतो. तिथे हळूहळू उतरत्या छटेची काच बरी. सपाट समुद्रक्षितिजाला ठसठशीत रेघेची चालते.

या काचेचा मोठा गुण असा, की तिच्यातून येणारा ढग त्याच जागेचा, त्याच क्षणाचा असतो. आजचे मोबाईल फोन पुष्कळदा एकामागून एक झटपट टिपलेल्या प्रतिमा जोडतात. म्हणजे पुन्हा ल ग्रेचीच वाट! आणि आता आभाळ बदलून देणाऱ्या सोयीही हाताशी आहेत.

म्हणून शिक्षकबंधूंना विनंती आहे. जुना फोटो इतिहासाचा पुरावा म्हणून वर्गात दाखवाल, तेव्हा त्यातल्या पांढऱ्या आभाळावरून उन्हापावसाचा निकाल देऊ नका. आणि गावाचा नवा फोटो जपून ठेवाल, तेव्हा जागा, तारीख नि वेळ लिहाच. आभाळ मागाहून बदलले असेल, तर तेही लिहा. उद्याची मुले त्यावर विश्वास ठेवणार आहेत.