डॉन हटसन याची गुणपत्रिका

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना नवल वाटलें असेल. जो खेळ आपल्याकडे क्वचितच दृष्टीस पडतो, त्या अमेरिकन फुटबॉलमधील एका खेळाडूची कारकीर्द एका निवृत्त शाळामास्तरानें कां सांगावी? माझें उत्तर असें कीं, मुलांच्या गुणपत्रिका भरण्यांत माझा जन्म गेला, आणि डॉन हटसन याच्याइतकी विलक्षण गुणपत्रिका माझ्या पाहण्यांत दुसरी नाहीं. ती वाचावी कशी, हाच माझ्यापुढें प्रश्न आहे.

प्रथम खेळाविषयीं थोडें. नांव फुटबॉल असलें तरी त्यांत पायाचें काम कमीच. अकरा-अकरा गडी समोरासमोर उभे राहतात. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांनीं चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावयाचें. न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या हवालीं. असें करीत करीत शेवटची रेषा ओलांडली म्हणजे 'टचडाउन' होतें व सहा गुण मिळतात. चेंडू बगलेंत मारून दांडगाईनें पुढें घुसणें, ही या खेळाची मूळची रीति. या दांडगाईंत इतके तरुण प्राणास मुकले कीं, १९०५ सालीं राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मोठमोठ्या कॉलेजांच्या प्रतिनिधींस व्हाइट हाउसमध्यें बोलावून समज द्यावी लागली. पुढच्याच वर्षीं नियम बदलले आणि चेंडू हातानें पुढें फेंकण्यास मोकळीक मिळाली. परंतु नियमाच्या पुस्तकांत आलेली गोष्ट लोकांच्या अंगवळणीं पडावयास किती काळ लागतो, हें शिक्षकास सांगावयास नको. पुढें पंचवीस-तीस वर्षें फेंक हा नाइलाजाचा उपाय समजला जाई. १९३३ सालीं व्यावसायिक लीगनें फेंकीवरील एक मोठें बंधन काढलें. १९३४ सालीं चेंडूचा घेर कमी करून तो हातांत मावेल असा निमुळता केला. आणि १९३५ सालीं हटसन आला.

त्याचा जन्म ३१ जानेवारी १९१३ रोजीं आर्कान्सा संस्थानांतील पाइन ब्लफ या गांवीं झाला. लहानपणीं बालवीर पथकांत असतांना तो सापांशीं खेळे, आणि आपल्या अंगची चपळाई हें त्यांचेंच देणें, असें तो पुढें सांगत असे. अंगकाठी उंच पण सडपातळ. त्यामुळें या रेटारेटींत हा पोरगा टिकेल कसा, अशी शंका पुष्कळांस येई. अलाबामा विद्यापीठाच्या संघांत तो रांगेच्या टोंकास उभा राही. अशा गड्याला त्या काळीं 'एंड' म्हणत, आणि समोरच्यास ढकलून इतरांस वाट करून देणें हेंच त्याचें मुख्य काम असे. आज असा गडी रांगेपासून पुष्कळ दूर, मैदानाच्या कडेला उभा राहतो व त्यास 'वाइड रिसीव्हर' म्हणतात. हें नांव मागाहूनचें. १ जानेवारी १९३५ रोजीं 'रोझ बोल' सामन्यांत अलाबामानें स्टॅनफर्डला २९–१३ असें हरविलें. त्या दिवशीं हटसननें सहा झेलांत १६५ यार्ड व दोन टचडाउन मिळविले.

लागलीच व्यावसायिक संघांची ओढाताण सुरू झाली. ब्रुकलिन आणि ग्रीन बे अशा दोन्ही संघांच्या करारांवर या गृहस्थानें सह्या करून दिल्या! ही गोष्ट भूषणावह नव्हे, पण बावीस वर्षांचें वय होतें, असें म्हणून सोडून देऊं. लीगचे अध्यक्ष जो कार यांनीं टपालाचे शिक्के पाहून निवाडा केला. ग्रीन बेचें पाकीट सतरा मिनिटें आधींचें होतें, अशी कथा सांगतात. ब्रुकलिनचा संघ चेंडू क्वचितच फेंकी. ग्रीन बेचा शिक्षक कर्ली लॅम्बो हा मात्र फेंकीचा भोक्ता होता. पाकीट उशिरां पडतें तर हटसन जन्मभर दुसऱ्यांस धक्के देत बसता.

ग्रीन बे हें विस्कॉन्सिनमधील गांव. १९३० सालीं वस्ती सुमारें ३७,०००. १९१९ सालीं 'इंडियन पॅकिंग कंपनी' नांवाच्या मांस डबाबंद करणाऱ्या कारखान्याच्या पैशावर तेथें संघ निघाला, म्हणून त्याचें नांव 'पॅकर्स'. (हें 'इंडियन' ऐकून आपण हुरळून जाऊं नये, त्याचा आपल्याशीं कांहीं संबंध नाहीं.) १९२३ सालीं गांवकऱ्यांनीं भाग विकत घेऊन संघ तगविला, आणि अद्यापहि तो भागधारकांच्याच मालकीचा आहे. न्यूयॉर्क-शिकागोसारख्या नगरांशीं एवढ्याशा गांवानें बरोबरी करावी, हें मला मोठें गोड वाटतें.

२२ सप्टेंबर १९३५ रोजीं याच गांवीं शिकागो बेअर्सशीं सामना होता. पहिलीच चाल. बेअर्सचें सारें लक्ष जॉनी ब्लड या प्रसिद्ध गड्याकडे. इकडे हा नवा पोर दुसऱ्या बाजूनें सावकाश निघाला आणि मधेंच असा सुटला कीं आर्नी हर्बरनें फेंकलेला चेंडू थेट त्याच्या हातीं आला. ८३ यार्डांचा टचडाउन झाला. सामना ७–० असा संपला. म्हणजे त्या दिवसाची सारी कमाई त्या एका चालींतली.

त्याचें मर्म नुसत्या वेगांत नव्हतें. क्रिकेटमध्यें झेल घेणारा चेंडूची वाट पाहतो. येथें चेंडू आणि माणूस दोघेहि धांवत असतात, आणि जेथें या क्षणीं कोणी नाहीं अशा जागीं दोघांची गांठ पडावी लागते. हटसननें ही जागा आधींच ठरवून तेथवर जाण्याचे मार्ग बसविले: इतकीं पावलें सरळ, मग एक हुलकावणी, मग वळण. धांवतां धांवतां तो गति बदली, त्यामुळें पाठलाग करणाऱ्याचा अंदाज चुके. एकट्याला तो आवरेना म्हणून त्याच्यावर दोन-दोन गडी ठेवण्याचा प्रघात पडला. एक आठवण पुष्कळदां सांगितली जाते. त्या काळीं गोलचे खांब शेवटच्या रेषेवरच असत. भरधांव जातांना त्यानें एका हातानें खांब धरून गिरकी घेतली आणि मोकळ्या हातानें चेंडू झेलला, पाठलाग करणारा पुढें निघून गेला! शिवाय तेव्हांचा गडी चढाई व बचाव दोन्ही करी. तो प्रतिपक्षाच्या फेंकीहि अडवी आणि टचडाउननंतरची लाथ मारून जादा गुणहि मिळवी.

आतां गुणपत्रिका. अकरा हंगामांत ४८८ झेल, ७,९९१ यार्ड, ९९ टचडाउन. झेलांत आठ वेळां लीगमध्यें पहिला. १९३६, १९३९ व १९४४ अशीं तीन अजिंक्यपदें. १९४२ सालीं सेसिल इझबेल हा फेंकणारा असतां (झेलणाऱ्याचें निम्में यश फेंकणाऱ्याचें, हें विसरूं नये) त्यानें ११ सामन्यांत ७४ झेल घेतले. दुसऱ्या क्रमांकाच्या गड्याचे झेल होते २७. ७ ऑक्टोबर १९४५ रोजीं डेट्रॉइटविरुद्ध एकाच पाव डावांत चार टचडाउन आणि पांच लाथा, मिळून २९ गुण. त्याचा ९९ चा आंकडा १९८९ सालीं स्टीव्ह लार्जंट यानें मोडला. म्हणजे निवृत्तीनंतर तो ४४ वर्षें अभंग राहिला.

या आंकड्यांवर नेहमींचा आक्षेप युद्धाचा. १९४२ पासून चांगले चांगले खेळाडू सैन्यांत गेले. १९४३ सालीं क्लीव्हलंडनें संघच बंद ठेवला, पिट्सबर्ग व फिलाडेल्फिया यांना मिळून एक संघ उभा करावा लागला. तेव्हां समोर बचावाला उरलें कोण? आक्षेपांत तथ्य आहे. पण हा हिशेब करतां येतो. पर्ल हार्बरच्या आधींच्या हंगामांतहि हटसननें ५८ झेल घेतले होते व लीगमधील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान मिळविला होता. युद्धाची सूट वजा केली तरी तो पहिलाच राहतो.

दुसरी वजाबाकी मात्र कोणालाच करतां येत नाहीं. १९३३ च्या हंगामानंतर लीगमध्यें एकहि कृष्णवर्णीय खेळाडू उरला नाहीं, आणि १९४६ पर्यंत कोणी घेतला गेला नाहीं. लेखी नियम नव्हता. मालकांचें मौन पुरेसें होतें. हटसनची पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंतची सारी कारकीर्द या बारा वर्षांच्या पोटांत बसते. हा त्याचा अपराध होता असें मी म्हणत नाहीं. पण परीक्षा कडक झाली कीं सोपी, हें ठरविण्यापूर्वीं वर्गाबाहेर कोणाला उभें केलें होतें हें पाहिलेंच पाहिजे. कॉर्नेल विद्यापीठाचा जेरोम हॉलंड हा एंडच. १९३७ व १९३८ या दोन्ही वर्षीं देशांतील निवडक कॉलेज खेळाडूंत त्याची गणना झाली. व्यावसायिक संघानें मात्र त्यास बोलाविलें नाहीं. त्यानें शिक्षणाची वाट धरली, हॅम्प्टन येथील संस्थेचा अध्यक्ष झाला, आणि १९७० सालीं स्वीडनमध्यें आपल्या देशाचा राजदूत म्हणून गेला. मास्तराच्या दृष्टीनें हें यश ९९ टचडाउनांहून लहान नव्हे. पण मैदानावर हटसनसमोर त्याचें नाणें कसें वाजलें असतें, हें कळण्याची सोय राहिली नाहीं.

वुडी स्ट्रोड हटसनहून एक वर्षानें लहान, आणि तोहि एंड. हटसन निवृत्त झाला त्याच्या पुढच्याच वर्षीं रॅम्स संघ क्लीव्हलंडहून लॉस एंजेलिसला गेला. तेथील मैदान सार्वजनिक पैशाचें, तेव्हां कृष्णवर्णीय पत्रकारांनीं आपल्या लोकांस संघांत घेण्याची मागणी लावून धरली. असें दार उघडलें तेव्हां केनी वॉशिंग्टन याच्याबरोबर स्ट्रोड आंत आला. वय बत्तीस. त्या हंगामांत त्याच्या नांवावर चार झेल लागले, आणि लीगमधील त्याचा तो पहिला हंगाम शेवटचाच ठरला.

हटसन १९६३ सालीं कॅन्टन येथील कीर्तिमंदिराच्या पहिल्याच तुकडींत निवडला गेला, आणि १९९७ सालीं वारला. त्याचा १४ हा अंक ग्रीन बेनें १९५१ सालीं कायमचा राखून ठेवला. त्याच्या आदल्या वर्षीं त्या संघांत पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आला होता. त्याचें नांव बॉब मॅन. तोहि एंडच होता, आणि १९४९ सालीं डेट्रॉइटकडून खेळतांना झेलांवर १,०१४ यार्ड मिळवून साऱ्या लीगमध्यें पहिला आलेला होता.