पात्रापात्रविवेक : फेणी आणि तिची भांडी

दारूच्या इतिहासावर मराठीत लिहिणे म्हणजे विस्तवाशी खेळ. त्यातून लिहिणारा शाळेचा मुख्याध्यापक असला, तर विचारायलाच नको! तथापि चोर्ल्याचा घाट उतरून सत्तरीत शिरले की मार्च ते मे या दिवसांत काजूच्या बागांमधून ज्या भट्ट्या पेटलेल्या दिसतात, त्यांच्याकडे आज मद्यासाठी नव्हे, तर भांड्यांसाठी पाहायचे आहे. भट्टीचे वर्णन करणारे बहुधा चुलीवरच्या हंड्यापाशी थांबतात. थेंब ज्या भांड्यात जमतो, त्याची दखल क्वचितच घेतली जाते. माझ्या मते खरा इतिहास त्या दुसऱ्या भांड्यात साठलेला आहे.

जुन्या गोमंतकीय भट्टीची रचना अशी. चुलीवर 'भाण'. हे पूर्वी मातीचे असे, पुढे तांब्याचे आले. त्यात आंबवलेला रस. तोंड वारुळाच्या मातीने लिंपून घट्ट बंद केलेले. (ज्या वारुळाला गोव्यात सातेरी म्हणून पूजतात, त्याचीच माती भट्टीला लागते, लोकजीवनात अशा गोष्टी एकमेकींना टोचत नाहीत.) भाणातून एक लाकडी नळी निघून शेजारच्या गोल मातीच्या घड्यात शिरते. हा घडा म्हणजे 'लावणी'. तमाशातल्या लावणीशी हिचा काही संबंध नाही!

आता गंमत पाहा. ही लावणी म्हणजे थेंब झेलणारी नुसती बरणी नव्हे. भाणातून आलेली वाफ हिच्याच पोटात थंड होऊन तिचे पाणी होते. त्यासाठी लावणीवर सतत गार पाणी ओतावे लागते. म्हणजे वाफ थंड करणे आणि द्रव साठवणे ही दोन्ही कामे एकच भांडे करते. म्हणूनच तिची निवड म्हणजे थट्टा नव्हती. भिंत फार जाड असली तर गारवा आत पोचत नाही. फार पातळ असली तर आतल्या वाफेने आणि बाहेरच्या पाण्याने ती तडकते. भाजणी कच्ची असली तर माती अर्क पिऊन टाकते. कुंभाराकडे घडा टिचकी मारून, आवाज ऐकून घेण्याची आपली रीत आहे. पाण्याचा घडा पाझरला तर फारतर कोनाडा ओला होतो. लावणी पाझरली तर हंगामाची कमाई जमिनीत जाते.

ही युक्ती फार जुनी असावी. पेशावरजवळच्या चारसद्दा परिसरात, शेखान ढेरी या ठिकाणी झालेल्या उत्खननात एका विशिष्ट घडणीची मातीची भांडी मोठ्या संख्येने सापडली. ती साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. ही भांडी पाण्यात बसवून त्यांत वाफ थंड करीत असावेत, असा तर्क ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ ऑलचिन यांनी १९७९ साली मांडला आणि ऊर्ध्वपातनाचे मूळ घर भारतच तर नव्हे ना, असा प्रश्न विचारला. सर्वच विद्वानांना तो मान्य नाही. पण त्या वर्णनाशेजारी लावणी ठेवून पाहिली की दोघींचे नाते जाणवल्याशिवाय राहत नाही.

गोव्यात आधी माडाची दारू होती, काजूची नंतरची. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. गोव्यात राहणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात काजूचा उल्लेख नाही, पण माडाच्या सुरेपासून काढलेल्या अर्काचा आहे. त्यातल्या उत्तम भागाला 'फुला', म्हणजे फूल, म्हणत असे तो सांगतो. पहिल्या धारेचा हा हुर्राक आणि पुन्हा उकळून काढलेली ही फेणी, असा भेद आज आपण करतो. त्याच जातीचा भेद तेव्हाही होता. आणि भेद आला की भांडीही वेगळी आली.

माल साठवण्यासाठी काय वापरीत? १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी असलेला डच प्रवासी लिन्शोटन लिहितो, की ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदराहून मोठमोठे रांजण येतात, ते घरोघरी असतात आणि जहाजांवरही पिंपांच्या ऐवजी तेल, मद्य, पाणी ठेवायला तेच वापरतात. कारणही तो देतो : इकडे पिंपे होत नाहीत, येतात ती पोर्तुगालहून. हैदराबाद-इंदूरकडच्या आपल्या मंडळींच्या तोंडी लोणच्याचा 'मर्तबान' आहे, तो याच बंदराचा.

त्यानंतरचा पाहुणा म्हणजे 'गराफांव'. पोर्तुगीज काचेचा मोठा बुधला, अरुंद गळ्याचा, बाहेरून वेताची वीण घातलेला. काच अर्क पीत नाही, आधीच्या मालाचा वास धरून ठेवीत नाही आणि आतला माल नितळ की गढूळ हे डोळ्यांना दिसते. अर्काचा जोर मोजण्याची पट्टीही पोर्तुगीजांबरोबर आली. फेणी किती 'ग्राव'ची असे जे विचारतात, ते कार्तिये नावाच्या फ्रेंच मापाचे अंश होत. त्या पट्टीवर निव्वळ पाणीच सुमारे १० दाखवते, हे ठाऊक नसलेला गिऱ्हाईक उगाच हुरळतो.

भांड्यांवर कायद्याने काय परिणाम केला, हा भाग आपल्या सीमाभागाच्या जवळचा. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळप मोजक्या सरकारमान्य भट्ट्यांकडे गेले आणि घरची भट्टी गुन्हा ठरली. त्याच वर्षीच्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने अबकारीची ती पद्धत गोव्यातही आली. पण तो तह १८९२ साली संपला. पुढे मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा झाला. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत त्याच राज्यात होता. घाटाखाली परवान्याने चालणारी भट्टी आणि घाटावर 'हातभट्टी' हा शिवीसारखा शब्द, अशी स्थिती झाली. जो लपून गाळतो, तो चांगले भांडे कशाला घेईल? पोलीस आले की टाकून पळता आले पाहिजे. म्हणून पत्र्याचे डबे आणि रबरी नळ्या आल्या, माल न्यायला ट्यूब आणि ब्लॅडर. आंबलेल्या रसाची वाफ पत्र्याला आणि डाखातल्या शिशाला खाते आणि ते सारे मालात उतरते. हातभट्टीच्या विषबाधांना भेसळ कारण होती, हे खरेच. पण भांडे निवडण्याची सवड उरली नाही, हेही त्यातलेच एक कारण मला वाटते.

गोव्यात लावणीला हटवले ते कायद्याने नव्हे, तांब्याच्या वेटोळ्याने. पाण्याच्या टाकीत बुडवलेल्या वेटोळ्या नळीतच वाफ थंड होते आणि खाली कसलेही भांडे चालते. बहुधा ते प्लॅस्टिकचे कॅन असते, कारण ते फुटत नाही आणि स्वस्त पडते. सतत पाणी ओतणाऱ्या माणसाची मजुरीही वाचली. यात भट्टीवाल्याला दोष देणे मला पटत नाही. उन्हाळाभर लावणीपाशी उभे राहून पाहावे, मग बोलावे.

काजू फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ साली गोवा सरकारने तिला वारशाचे पेय म्हणून मान्यता दिली. आता ती नक्षीदार बाटल्यांतून विकली जाते. मातीची लावणी वापरणाऱ्या भट्ट्या मात्र थोड्याच उरल्या आहेत. गराफांव अजून जुन्या घरांच्या माळ्यावर असतो, आणि सर्दी झालेल्या नातवाच्या छातीला चोळायला आजी त्यातलीच चमचाभर फेणी काढते.