मागून बसलेली गाडी

जड ट्रेलर अडकवला की एसयूव्ही मागून बसते. रात्री तिचे हेडलाइट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातात, स्टिअरिंग हलकं लागतं आणि मोठ्या खड्ड्यात मागचा अॅक्सल वरच्या रबरी ठोकळ्यांवर आदळतो. यावर निघालेल्या उपायांची दोन घराणी आहेत. एकाने गाडीची बसलेली मागची बाजू वर उचलली. दुसऱ्याने पुढच्या चाकांवरून निसटलेलं वजन परत आणलं. ही दोन कामं वेगळी आहेत, आणि बाजारात आजही एकासाठी दुसऱ्याचं औषध विकत घेतलं जातं.

हा फरक हिशेबाने चटकन कळतो. समजा, ट्रेलर 2,500 किलोचा आहे आणि त्याच्या वजनाचा 12 टक्के भाग, म्हणजे 300 किलो, गाडीच्या हुकावर टेकतो आहे. गाडीच्या दोन अॅक्सलमधलं अंतर 2.8 मीटर आणि मागच्या अॅक्सलपासून हुकापर्यंतचं अंतर 1.2 मीटर धरू. हुक अॅक्सलच्या मागे असल्यामुळे तरफेचा नियम लागू होतो. पुढच्या चाकांवरचा भार सुमारे 129 किलोंनी घटतो आणि मागच्या अॅक्सलवर 300 ऐवजी 429 किलो वाढतात. मागच्या दोन्ही स्प्रिंग मिळून एक मिलिमीटर दबायला 6 किलो लागत असतील, तर गाडी मागून 7 सेंटिमीटरहून जास्त बसेल. बसलेली मागची बाजू डोळ्यांना दिसते. पुढून गेलेले 129 किलो दिसत नाहीत, पण ब्रेक आणि वळण यांची बरीच जबाबदारी त्याच चाकांवर असते.

पहिल्या घराण्याचा मूळपुरुष घोडागाडीच्या काळातला. लंडनचा गाड्या बनवणारा कारागीर ओबाडाया एलियट याने 1804 साली लंबगोल पाट्यांच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं. गाडीचा सांगाडा थेट या स्प्रिंगांवर आणि स्प्रिंग अॅक्सलवर बसत असल्याने दोन्ही अॅक्सल जोडणारा जड लाकडी दांडा काढून टाकता आला. एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांचा आणखी एक गुण होता. भार वाढला की पाटे वाढवायचे. मोटारी आल्यावर ट्रकांनी ही युक्ती तशीच उचलली. मुख्य पाट्यांच्या वर एक जादा जोड बसवायचा, आणि ट्रक भरून खाली आला की मगच त्याने भार घ्यायचा. महाराष्ट्रातल्या ट्रकांच्या गॅरेजांतही ‘पाटे वाढवणं’ हे रोजचं काम आहे.

ट्रकला जे चालतं ते घरच्या गाडीला चालत नाही. कायमच्या कडक स्प्रिंग बसवल्या, तर ट्रेलर सोडल्यावर रिकामी गाडी प्रत्येक गचक्याला उडते. हवी होती ती गरजेपुरती ताकद, आणि ती देण्याजोगं माध्यम म्हणजे हवा. अमेरिकेत विल्यम हम्फ्रीज यांनी 1901 सालीच वाहनासाठी हवेच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं होतं. पुढे रबर आणि कापडाच्या मजबूत घड्या बनवण्याचं तंत्र टायर कंपन्यांनी पक्कं केलं, आणि 1953 पासून जनरल मोटर्सच्या लांब पल्ल्याच्या बस हवेच्या स्प्रिंगवर धावू लागल्या.

घरगुती गाडीपर्यंत हवा पोचली ती अगदी साध्या रूपात. मिशिगन राज्यातल्या लान्सिंग शहरात 1949 मध्ये सुरू झालेल्या एअर लिफ्ट कंपनीने गोल स्प्रिंगच्या पोकळीत बसणारा फुगा आणला. मूळ स्प्रिंग जागच्या जागी ठेवायची, फुगा आत सरकवायचा आणि वाल्व्हमधून टायरसारखी हवा भरायची. ट्रेलर असेल तेव्हा दाब वाढवायचा, नसेल तेव्हा कमी करायचा. आजही अशा हलक्या फुग्यांचा कामाचा दाब साधारण 5 ते 35 पीएसआय असतो, म्हणजे पेट्रोल पंपावरची हवा पुरते.

गाडीने स्वतःच आपली उंची सावरावी, ही कल्पना 1950च्या दशकात फुलली. अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने 1955 च्या गाड्यांत अभियंता विल्यम अॅलिसन यांची रचना बसवली. पुढची आणि मागची चाकं लांब पिळदार दांड्यांनी जोडलेली होती, आणि मागे वजन वाढलं की विजेची मोटर गाडी समतल करत असे. रस्त्यातल्या प्रत्येक उंचवट्याला मोटर सुरू होऊ नये म्हणून ती सुमारे सात सेकंद थांबून मगच काम करायची. फ्रान्समध्ये सिट्रोएनच्या पॉल माजेस यांनी तेल आणि दाबलेला नायट्रोजन वायू यांची जोडी जमवली. ती आधी 1954 मध्ये एका जुन्या मॉडेलच्या फक्त मागच्या चाकांना लावली गेली. 1955 च्या पॅरिस प्रदर्शनात आलेल्या डीएस गाडीला मात्र ती चारही चाकांना होती. डीएसमध्ये कितीही माणसं बसोत, इंजिन चालू असताना तिची जमिनीपासूनची उंची तीच राहायची.

एसयूव्हीच्या वंशात हा गुण 1970 साली रेंज रोव्हरमुळे आला. खडबडीत रानात चाकं मोकळी खालीवर व्हावीत म्हणून तिला मऊ, लांब गोल स्प्रिंग दिल्या होत्या. तिने घोड्यांचा ट्रेलरही ओढावा, अशी अपेक्षा होती, आणि मऊ स्प्रिंगवर ते जमणारं नव्हतं. म्हणून मागच्या अॅक्सलवर मधोमध जर्मनीच्या बोगे कंपनीचं स्वतःच दाब निर्माण करणारं साधन बसवलं. गाडी धावताना अॅक्सलच्या खालीवर होण्यातूनच त्याच्या आतलं तेल उपसलं जाई, आणि थोडं अंतर गेल्यावर मागची बाजू आपोआप वर येई. कंप्रेसर नाही, मोटर नाही, तारा नाहीत. 1992 मध्ये त्याच गाडीला इलेक्ट्रॉनिक हवेचं सस्पेन्शन मिळालं. आज अनेक महागड्या एसयूव्हींत दिसणारी व्यवस्था याच वाटेने आली.

या सगळ्या उपायांनी गाडी सरळ दिसते. पण वरच्या हिशेबातले 129 किलो त्यांतल्या कशानेही परत येत नाहीत. फुगा मागच्या अॅक्सलवरूनच गाडी उचलतो, हुकावरचा भार आणि त्याची तरफ तशीच राहते.

दुसरं घराणं जन्मलं ते महायुद्धानंतरच्या अमेरिकेत. तिथल्या गाड्या मऊ स्प्रिंगच्या होत्या, मागचा भाग मागच्या अॅक्सलच्या बराच मागे गेलेला होता, आणि हजारो कुटुंबं घरासारखे ट्रेलर ओढत सुट्टीला निघत होती. 1950च्या दशकात तिथे भार वाटणारा हुक रुळला. रीससारख्या कंपन्यांची नावं त्याच्याशी जोडली गेली. हुकाच्या डोक्यातून दोन स्प्रिंग-पोलादी दांडे मागे ट्रेलरच्या चौकटीखाली जातात आणि त्यांची टोकं साखळ्यांनी वर ताणली जातात. एकचाकी ढकलगाडीचे दांडे वर उचलले की भार पुढच्या चाकावर जातो, तसंच इथे घडतं. ताणलेले दांडे हुकाला पिळतात, मागच्या अॅक्सलवरचा काही भार पुढच्या चाकांवर जातो आणि काही ट्रेलरच्या चाकांवर.

युरोपात हा हुक फारसा रुजला नाही, कारण तिथे हुकावर मुळात कमी वजन ठेवतात. अमेरिकेत ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हुकावर असावा असं सांगतात, युरोपात साधारण 4 ते 7 टक्के. तिथले ट्रेलर हलके आणि वेगमर्यादा कमी असल्याने ते निभतं. पण गाडी बसू नये म्हणून सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला सरकवणं धोक्याचं आहे. हुकावरचा भार घटला की ट्रेलर वेगात डावीउजवीकडे झुलायला लागतो आणि गाडीलाही सोबत खेचतो.

कोणताही फुगा किंवा हुक गाडीची कंपनीने ठरवलेली भारमर्यादा वाढवत नाही. काही एसयूव्हींची बॉडी दांड्यांचा पीळ सोसण्यासाठी बांधलेली नसते, म्हणून त्यांच्या माहितीपुस्तकात भार वाटणाऱ्या हुकाला थेट मनाई असते. हवेचं सस्पेन्शन असेल तर आणखी एक अडचण येते. दांडे ताणत असताना ते आपोआप उंची बदलत राहतं, आणि माप चुकतं. त्यामुळे कंपनीने सांगितलेल्या रीतीने ते स्थिर करूनच हुक जुळवावा लागतो.

माप घ्यायला टेप पुरते. ट्रेलर जोडण्याआधी सपाट जागेवर पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासूनची उंची मोजायची, ट्रेलर जोडल्यावर दांडे न ताणता पुन्हा मोजायची. समजा, पुढची बाजू 30 मिलिमीटर उचलली गेली आहे. मग साखळी एकेक दुव्याने आखडत पुढची बाजू किती खाली आणायची, हे त्या गाडीचं माहितीपुस्तक सांगतं. मागच्या बाजूची उंची त्यानंतर तपासतात.