माळ्यावरचे चार महिने

मृगाच्या आधीचा आठवडा आला की आई पदर खोचायची आणि म्हणायची, "शिडी लाव रे, किट वर जाऊ दे." नागावला आमची वाडी समुद्रापासून दोन हाकांवर. कौलारू घर, पुढे ओटी, मागे पडवी आणि माजघराच्या डोक्यावर माळा. लाकडं, गोवऱ्या, मीठ, मिरची, सुकी मासळी अशी पावसाळ्याची बेगमी एकेक करून जागेला लागायची. त्या बेगमीत आमच्या घरी एक जिन्नस जास्तीचा होता, तो म्हणजे गावाच्या क्रिकेट संघाचं सामान. 1971 पासून ते आमच्याकडे होतं. संघाचे कप्तान बदलले, पण सामानाचा पत्ता बदलला नाही.

मी अलिबाग तालुक्यात व्यायाम शिक्षक म्हणून नोकरी केली आणि 2011 साली निवृत्त झालो. खेळाचा इतिहास म्हणून जे वाचायला मिळतं त्यात सामने असतात, खेळाडू असतात, ढाली आणि चषक असतात. जून ते सप्टेंबर हे सामान कुठे होतं, कोणी सुकवलं, उंदरापासून कोणी राखलं, याची नोंद मला कुठे सापडली नाही. या किनाऱ्यावर मात्र कोणता खेळ टिकायचा हे बरंचसं त्या चार महिन्यांवर ठरत आलं, असं माझं पक्कं मत आहे.

आमच्या लहानपणी जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, रायगड हे नाव 1981 साली आलं. तेव्हाचे आमचे खेळ आठवून पाहा. हुतूतू, आट्यापाट्या, लगोरी, विटीदांडू. ओहोटीनंतर वाळू घट्ट बसते, तिच्यावर पायाच्या अंगठ्यानं रेघ मारली की हुतूतूचं मैदान तयार. गावात खेळायचं असलं तर चुलीतली राख. लगोरीला फुटक्या कौलाचे तुकडे. दांडू वळचणीला खोचलेला असायचा, हरवला तर पेरूची फांदी तोडायची. लहान मुलांची बॅट म्हणजे माडाच्या झावळीचं बूड तासलेलं, ती मोडली की चुलीत जायची. गळक्या कौलांखाली, खारट हवेत, चार महिने जपून ठेवावी लागेल अशी एकही वस्तू या खेळांना लागत नव्हती. कबड्डी आमच्या आगरी-कोळी वस्त्यांत इतकी खोल रुजली, त्यामागे हेही एक कारण आहे असं मला वाटतं.

सांभाळण्याजोगं सामान असायचं ते तालमीत. मारुतीच्या देवळाला लागून एक अंधारी खोली होती, तिथे मुद्गल, करेलाच्या जोड्या आणि एक मल्लखांब. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या उर्जितावस्थेला आणली, हे आम्हाला आजोबांनी सांगितलं होतं. खांबाला एरंडेल चोळायचं काम आम्हा पोरांकडे. ते तेल पकडीसाठी, पण त्यानं लाकूडही राहायचं. लोखंडी वजनं कोणीतरी मुंबईहून आणून दिली होती, ती पाच-सहा पावसाळ्यांत पापुद्रे सोडून अंगानं बारीक झाली. खारी हवा लोखंडाला खाते, तेल पाजलेल्या सागाला खात नाही. आमच्या तालमीत लोखंड टिकलं नाही आणि लाकूड तिसऱ्या पिढीच्या हातात आलं, याचं कारण हेच.

खेळांना नियम आले तसं सामानही आलं. 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं खो-खोचे नियम बांधले. 1934 मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळानं हुतूतूचे नियम सुधारून घेतले आणि दोनच वर्षांनी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. गावापर्यंत यातलं काय पोचलं? आमच्याकडे पोचले ते खो-खोचे दोन खांब. चार फूट वर आणि बाकीचे जमिनीत. पहिल्याच पावसाळ्यात जमिनीतला भाग कुजला. मग सुताराने नव्या खांबांच्या बुडाला डांबर पाजलं, आणि मे अखेरीला खांब उपटून देवळाच्या आढ्याला आडवे टांगायची रीत पडली.

मी शिकायला कांदिवलीला गेलो. 1938 साली मुंबई सरकारनं तिथे शारीरिक शिक्षणाचं विद्यालय काढलं होतं. तिथे मैदान आखायला शिकलो, शिट्टी मारायला शिकलो आणि डेडस्टॉक रजिस्टर लिहायला शिकलो. प्रत्येक लेझीम, प्रत्येक डंबेल नोंदलेलं हवं, वर्षातून एकदा मोजलेलं हवं. ही शिस्त मला जन्मभर पुरली. नोकरीच्या पहिल्याच शाळेत मात्र क्रीडा साहित्याची खोली म्हणजे जिन्याखालची जागा होती आणि जिन्याच्या भिंतीतून पाणी झिरपायचं. जुलैत दार उघडलं तेव्हा चाळीस लेझमांच्या साखळ्या एकमेकींत गंजून एकजीव झाल्या होत्या. रजिस्टरात त्या चाळीसच्या चाळीस व्यवस्थित होत्या. रॉकेलचे बोळे घेऊन आम्ही चार शनिवार त्या साखळ्या सोडवत बसलो, तेव्हा कुठे सव्वीस वाचल्या. पुढच्या वर्षापासून मेच्या शेवटी मी लेझमा सायकलला बांधून घरी न्यायला लागलो. नियमात ते बसत नव्हतं. आईनं त्या पडवीत काठीवर ओळीनं टांगल्या. वारा आला की वाजायच्या.

आता क्रिकेटच्या सामानाकडे येतो, कारण आईचा जीव त्यात होता. 1971 साली अजित वाडेकरांच्या संघानं आधी वेस्ट इंडीजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. गावात मोजून चार ट्रान्झिस्टर, त्यांच्याभोवती सगळी आळी. त्याच हिवाळ्यात वर्गणी जमली आणि आम्ही तिघे धोबीतलावच्या दुकानांतून गावाचं पहिलं खरं किट घेऊन आलो. दोन बॅटी, पॅडच्या दोन जोड्या, ग्लोव्हज, सहा स्टंप, चार चामडी चेंडू. भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवस, रेवसहून एसटीनं अलिबाग आणि तिथून चालत. लाँचमध्ये पाणी उडत होतं म्हणून बॅटी सदऱ्याखाली धरून बसलो होतो. दुकानदारानं सांगितलं होतं की हा माल मेरठचा. फाळणीनंतर सियालकोटचे खेळसामान बनवणारे कारागीर मेरठला आणि जालंधरला येऊन वसले, ही हकिगत मला पुढे कळली. तिकडच्या कोरड्या हवेत तयार झालेली विलोची बॅट आमच्या दमट किनाऱ्यावर आली, म्हणजे तिला सासुरवासच.

बॅट पाणी पिते ती बुडाकडून. ओल्या खेळपट्टीवर टेकली की टोक फुगतं आणि मग चेंडू लागला की तिथून ढलपी निघते. तिला जवसाचं कच्चं तेल लागतं. रंगाच्या दुकानात मिळणारं उकळलेलं तेल वेगळं, ते वरच्यावर साय धरतं. आमच्या सुताराने हे आईला एकदा सांगितलं आणि तिनं ते कायमचं धरलं. चमचाभर तेल जुन्या मऊ धोतराच्या फडक्यावर घ्यायचं, पात्याला आणि कडांना पातळ हात फिरवायचा, मुठीच्या सांध्याला अजिबात लावायचं नाही, कारण तिथला सरस सुटतो. मग रात्रभर बॅट आडवी ठेवायची, पातं वर करून. सकाळी कोरड्या फडक्यानं पुसायची. तेल जास्त झालं तर लाकूड जड आणि मेलेलं होतं. आईनं आयुष्यात एक चेंडू खेळला नव्हता, पण बॅट उचलून बोटाच्या पेरानं टकटक करायची आणि सांगायची, "ही अजून ओली आहे, वर नको नेऊस."

पॅडचा प्रश्न वेगळा होता. त्यांत वेताच्या कामट्या आणि कापूस असायचा, आणि उंदराच्या बाळंतपणाला त्याहून चांगली जागा नाही. पहिल्या वर्षी एका पॅडमध्ये सहा पिल्लं निघाली. त्यावर आईनं शिंकाळ्याची युक्ती केली. माळ्याच्या वाशाला सुंभाची दोरी बांधायची, मध्यावर भोक पाडलेली करवंटी पालथी ओवायची, तिच्याखाली गाठ मारायची आणि गाठीखाली पॅडची बोचकी टांगायची. दोरीवरून उतरणारा उंदीर करवंटीच्या पाठीवर आला की घसरतो. बोचक्यात कडुलिंबाचा सुकलेला पाला. बकलांना खोबरेलाचं बोट. महिन्यातून एखादा दिवस उघडीप मिळाली की सगळं खाली, ओटीवर ऊन दाखवायचं आणि संध्याकाळच्या आत परत वर. ते पहिलं किट अकरा वर्षं चाललं. शेजारच्या गावानं त्याच सुमारास घेतलेलं तिसऱ्या पावसाळ्यात टाकून द्यावं लागलं.

या किनाऱ्यावर एक खेळ असा आहे ज्याचं सामान ऐन पावसाळ्यातच लागतं. नारळी पौर्णिमेला अलिबागच्या आसपास नारळफोडीचा खेळ रंगतो. नारळावर नारळ आपटायचा, ज्याचा फुटला तो हरला. त्याला लागणारा नारळ बाजारात मागून मिळत नाही, तो वर्षभर शोधावा लागतो. आजोबा सोललेला नारळ कानाशी धरून नखानं वाजवायचे. जाड करवंटीचा, लहान डोक्याचा, टोकाला निमुळता असा एखादा सापडला की तो चुलीवरच्या फळीवर धुरात जायचा, आणि घरातल्या बायकांना सक्त ताकीद असायची की याला खोवणीपाशी न्यायचं नाही. एका वर्षी पाहुणे आले, घरात नारळ नव्हता आणि आजीनं त्यातला एक फोडला. आजोबा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत.

आमच्या शेजाऱ्यांकडे शर्यतीची गाडी होती. अलिबाग-मुरुडकडे बैलगाड्या पळतात त्या पुळणीवर, ओहोटीच्या वेळी. ही गाडी शेतातल्या गाडीहून किती तरी हलकी. 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली. शेजारच्या काकांनी गाडी विकली नाही. चाकं काढून गोठ्याच्या भिंतीला लावली, वाळवी चढू नये म्हणून खाली विटा आणि विटांवर पत्र्याचा तुकडा. जू खुंटीवर. कासरे गुंडाळून फडताळात. साडेसात वर्षं गाडी तशी होती आणि दर दसऱ्याला तिच्या आसाला तेल मिळत होतं. 16 डिसेंबर 2021 ला न्यायालयानं अटींवर परवानगी दिली, तेव्हा त्यांनी एका दिवसात गाडी जोडली. बैल मात्र नवे घ्यावे लागले, जुनी जोडी राहिली नव्हती. बैलांच्या हालांबद्दल न्यायालयासमोर जे आलं ते खोटं नव्हतं आणि त्या अटी पाळल्याच पाहिजेत, असं मी काकांनाही सांगितलं आहे. पण न पळणारी गाडी इतकी वर्षं जपणं ही साधी गोष्ट नाही.

सामानाच्या बाबतीत सगळ्यात मोठा बदल आला तो कबड्डीला, म्हणजे ज्या खेळाला काहीच लागत नव्हतं त्यालाच. 1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डी आली, पुढे मोठे सामने मॅटवर गेले आणि 2014 ला प्रो कबड्डी टीव्हीवर दिसायला लागल्यावर मातीत खेळणाऱ्या पोरांनाही मॅट हवीशी झाली. पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटर, म्हणजे मीटरभराचे 130 चौकोन, बाहेरची पट्टी वेगळी. फोमचे ते जाड चौकोन एकमेकांवर रचले तर आमची ओटी भरून जाईल. कुठल्याही घराच्या माळ्यावर ते मावत नाहीत. त्यामुळे प्रथमच गावाचं सामान घराबाहेर राहिलं, एका पत्र्याच्या शेडमध्ये.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. दुपारच्या तीनेक तासांत वाडीतल्या निम्म्या पोफळी आडव्या झाल्या. शेडचे पत्रे गेले आणि मॅट पावसात भिजत पडल्या. टाळेबंदी होती, आठ दिवस तिकडे कोणी फिरकलं नाही. पाण्यापेक्षा नुकसान केलं ते चिखलानं आणि वरून पडलेल्या दगडांनी. आमच्या घराचीही पुढची कौलं उडाली, पण माळ्याच्या मागच्या अंगाचा वासा राहिला आणि त्याला टांगलेली बोचकी जागची हलली नव्हती. आई तेव्हा नव्हती. करवंट्या तिनेच ओवलेल्या होत्या.

आमच्याकडे हे सामान उघडायचा दिवस ठरलेला असे, खंडेनवमीचा. त्या दिवशी कोयता, पहार, सुताराचे रंधे पुजतात, तशीच आई ओटीवर पाट मांडून बॅटी, स्टंप, लेझमा आणि तालमीतली करेलाची जोडी ठेवायची. हळदकुंकू, झेंडूचं फूल. पूजेसाठी म्हणून प्रत्येक वस्तू हातात घेतली जायची, पुसली जायची, आणि काय खराब झालं ते पाऊस सरता सरता, खेळ सुरू व्हायच्या आत कळायचं. ते दुरुस्त करायला दिवाळीपर्यंतचे पंधरा-वीस दिवस हाताशी असत.

तुमच्या घरातही पलंगाखाली, गॅलरीत किंवा माळ्यावर अशी एखादी पिशवी असेल. येत्या खंडेनवमीला ती उघडा. बॅटच्या बुडावर बोट फिरवून पाहा, पॅड उन्हात टाका, गंजलं असेल ते घासा. जे तुमच्या मुलांना आता लागत नसेल ते जवळच्या शाळेत द्या, आणि देताना त्या शाळेची साहित्याची खोली कोरडी आहे का, एवढं आत जाऊन बघून या.