मोडलेल्या मणक्याची शस्त्रक्रिया: प्रस्तावना

मुंबई-पुण्याचा जुना रस्ता, गोव्याचा महामार्ग आणि 2002 साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग पनवेल-कळंबोलीपाशी जवळ येतात. भोवती टॉवर उभे राहताहेत, मागे माडा-आंब्यांचा रायगड आहे. परांचीवरून घसरलेला गवंडी, झाडावरून पडलेला माणूस, एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून गतिरोधकावर उडालेल्या आजी... या विषयाच्या विद्यार्थ्याला इथे लांब जावे लागत नाही.

फ्रॅक्चर बरेचदा पाठीच्या बाराव्या (डी-12) आणि कमरेच्या पहिल्या (एल-1) मणक्याच्या आसपास होते. वरचा भाग बरगड्यांनी जखडलेला, खालची कंबर लवचिक. सगळा जोर मधल्या मणक्यावर येतो. उंचावरून टाचांवर पडलेल्याचा मणका चेचून तुकडे मागच्या नळीत सरकतात. म्हणूनच टाच मोडून आलेल्याची पाठ तपासल्याशिवाय त्याला घरी सोडू नये. मज्जारज्जू याच सुमारास संपतो आणि खाली नसांचा झुपका लागतो. रज्जूपेक्षा नसा सावरण्याची आशा अधिक, त्यामुळे एखाद्या मणक्याच्या फरकानेही रुग्णाचे पुढचे आयुष्य बदलते.

प्रत्येक फ्रॅक्चरला ऑपरेशन लागत नाही. ते कोणाला लागते हे ठरवण्यासाठी डेनिस यांनी 1983 मध्ये कण्याचे तीन स्तंभ मांडले. 2005 मध्ये गुण देण्याची पद्धत आली. फ्रॅक्चरचा आकार, नसांची स्थिती आणि मागचे अस्थिबंध पाहून गुण द्यायचे. 3 पर्यंत ऑपरेशन नको, 5 पासून हवे. 4 आले तर सर्जनने ठरवावे. मला हा 4 चा आकडा फार प्रामाणिक वाटतो.

मणक्याच्या पेडिकलमधून स्क्रू घालून ते दांड्यांनी जोडण्याची पद्धत पॅरिसच्या रॉय-कॅमिल यांनी 1963 पासून रुजवली. आजही सी-आर्म या क्ष-किरण यंत्रावर चित्र दिसत असताना सर्जन बारीक सळईने भोकाच्या चारही भिंती आणि तळ चाचपतो. भिंत फुटली असेल तर ते हाताला कळते.

“ऑपरेशननंतर चालेल ना?” हे नातेवाईक विचारणारच. स्क्रू कणा धरतात. रज्जूवरचा दाब काढता येतो, आणि तो 24 तासांत काढलेला बरा. पडताक्षणी झालेली इजा मात्र सुईदोऱ्याने भरून येत नाही. तरी पाठ स्थिर झाली की रुग्ण लवकर बसतो, शय्याव्रण आणि न्यूमोनियाचा धोका कमी होतो. पायांत ताकद न आलेल्यालाही हा फायदा मिळतोच.

नव्या वाचकाने सुरुवात रस्त्यावरून करावी. जखमीला काखेत आणि पायांत धरून उचलू नये. एकाने डोके धरावे, बाकीच्यांनी खांदे, कंबर आणि पाय एका रेषेत ठेवत त्याला एकदमच कुशीवर वळवून फळीवर घ्यावे.