दरड, दराड आणि बोरघाट

डिसेंबरात शाळेच्या सहलीची एसटी बोरघाट उतरत होती. 'दरडप्रवण क्षेत्र' ही पाटी एका मुलीने मोठ्याने वाचली आणि विचारलं, "सर, दरड म्हणजे दराडच ना?" उर्दूत दराड म्हणजे भेग. मराठीत दरड म्हणजे उभा तुटका कडा, आणि तो खाली आला तरी आपण 'दरड कोसळली' म्हणतो. मी "नाही बेटा" म्हणून तिची चूक दुरुस्त केली. घरी आल्यावर वाटलं, चूक माझीच होती. आधी भेग पडते, मगच कडा येतो.

सह्याद्री हा लाव्हाच्या थरांचा डोंगर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातीचा मऊ पट्टा असतो. पावसाचं पाणी भेगांतून झिरपतं, मऊ पट्टा आधी झिजतो आणि वरचा कातळ अधांतरी राहतो. हे माणूस नसतानाही चालूच होतं. पण उतारावरचा डोंगर आपला तोल धरून उभा असतो. रस्त्यासाठी त्याचा पायथा कापला की तो तोल जातो.

म्हणूनच घाटांचा इतिहास रस्त्याच्या रुंदीवरून वाचला पाहिजे, असं मला वाटतं. सातवाहनांच्या काळात जुन्नरहून कल्याणकडे माल नाणेघाटातून जाई. दगडी पायऱ्यांची अरुंद वाट, माणसं आणि लादलेली जनावरं जातील एवढीच. कोसळायला तिथेही दगड होतेच, पण त्या वाटेने डोंगराला फारसं छेडलं नव्हतं.

बोरघाटात चित्र बदललं. 10 नोव्हेंबर 1830 रोजी मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी गाड्यांसाठीचा रस्ता खुला केला. बैलगाडीला पायऱ्या चालत नाहीत. तिला बेताचा चढ, मोठं वळण आणि रुंद सपाटी लागते, आणि ती डोंगरातून कापूनच काढावी लागते.

खरी कापाकापी झाली ती रेल्वेने. 1856 साली काम सुरू झालं आणि 1863 च्या एप्रिलमध्ये घाटाची लाइन उघडली. 25 बोगदे, आणि चढ दर 37 फुटांना एक फूट. डायनामाइट अजून निघालेलंच नव्हतं, सगळा कातळ सुरुंगाच्या दारूने फोडला. काही ठिकाणी उभं राहायलाही जागा नव्हती, तेव्हा माणसांना दोराने कड्यावरून खाली सोडत आणि ती लोंबकळत पहारीने भोकं पाडत. 1861 मध्ये इथे सुमारे 42 हजार मजूर राबत होते. पटकीने, तापाने, दगडाखाली हजारो मेले. 1859 च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून दंगा झाला, तेव्हा पहिल्या ठेकेदाराला काम सोडावं लागलं. नवे ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच वारले आणि त्यांची पत्नी अ‍ॅलिस यांनी ठेका चालवला. ही नावं आपल्याला माहीत आहेत. दोराला लटकलेल्यांपैकी एकाचंही नाव मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, आणि आपल्या पाठ्यपुस्तकात तर रेल्वे 'इंग्रजांनी' बांधली.

2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. सहा पदरी रस्त्याला जागा हवी, म्हणून कडे आणखी उंच आणि उभे कापले गेले. 19 जुलै 2015 ला आडोशी बोगद्याजवळ धावत्या गाड्यांवर दगड आले, माणसं गेली. मग कड्यांवर लोखंडी जाळ्या बसवल्या. 23 जुलै 2023 च्या रात्री त्याच आडोशीजवळ पुन्हा दरड उतरली. दर वेळी बातमीत एकच कारण असतं, अतिवृष्टी. आपल्या मोहल्ल्यात त्याला तकदीर म्हणतात, दुसरीकडे निसर्गाचा कोप. पाऊस तर सातवाहनांच्या काळीही पडत होता. कडा कुणी, किती उभा कापला आणि पाणी वाहून जायला वाट ठेवली का, हा प्रश्न तकदीरवर ढकलता येत नाही.

एसटीतून रेल्वेची लाइन दिसली, तेव्हा मुलांना एक गोष्ट सांगायची राहून गेली. ती आता वर्गात सांगितली. दर पावसाळ्याआधी या घाटात रेल्वेचे कामगार अजूनही दोराने कड्यावर उतरतात. सुटत आलेले दगड शोधतात, पहारीने हलवतात आणि गाडी नसताना मुद्दाम खाली पाडतात. मग लाइनवर पडलेला दगड उचलून नेतात. तीच मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे ते दराड बघायला जातात."

या वेळी मी दुरुस्ती केली नाही.