शिवडीचा झांकलेला किनारा

शिवडीचें नांव निघतांच मुंबईकरांच्या डोळ्यांपुढें गोदामें, मालगाड्या व चाळी उभ्या राहतात; समुद्राची आठवण सहसा कोणास होत नाहीं. वस्तुतः शिवडी हें खाडीकांठचें जुनें गांव होय. या जलमार्गावर नजर ठेवण्यासाठीं इंग्रजांनीं इ. स. १६८० मध्यें येथील टेकडीवर किल्ला बांधला, आणि १६८९ त जंजिऱ्याचा सिद्दी मुंबईवर चालून आला तेव्हां तो प्रथम येथेंच उतरला.

हा किनारा नजरेआड झाला तो व्यापाराच्या भरभराटीमुळें. १९०८ ते १९१२ या काळांत पोर्ट ट्रस्टनें माझगांव-शिवडीकडील समुद्र भरून सुमारें ५८३ एकर जमीन निर्माण केली. १९१० मध्यें कुर्ल्याहून रे रोडपर्यंत आगगाडी सुरू झाली. पुढें कुलाब्याचा कापूसबाजारही इकडे आला. कॉटन ग्रीन स्टेशनाचें नांव ही त्याचीच खूण. अशा रीतीनें वस्ती आणि पाणी यांच्यामध्यें रूळ व गोदामांच्या भिंती उभ्या राहिल्या.

तथापि ज्या उद्योगासाठीं हें सारें झालें, तोच कालांतरानें ओसरला. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. १९८९ मध्यें न्हावा-शेवा येथें नवें बंदर सुरू झालें व जुन्या बंदराचा पुष्कळ माल तिकडे वळला. गोदामें ओस पडूं लागलीं. मात्र त्याच सुमारास, १९९४ पासून, ओहोटींत उघड्या पडणाऱ्या शिवडीच्या चिखलांत रोहित पक्ष्यांचे थवे हजारोंनीं उतरूं लागले. मनुष्यानें पाठ फिरविलेल्या किनाऱ्याचें मोल पांखरांनीं ओळखलें, असेंच म्हणावें लागेल.

गेलेलें पाणी शहरास परत मिळूं शकतें. कोरियांतील सोल शहरानें रस्त्याखालीं गाडलेला चोंगग्येचोन ओढा २००५ मध्यें पुन्हा मोकळा केला. शिवडीचें पाणी तर गाडलेलेंही नाहीं. तें केवळ आडोशास गेलें आहे. बंदराच्या पूर्व किनाऱ्यावरील जमिनीचा विचार करण्यासाठीं केंद्र सरकारनें २०१४ मध्यें एक समितीही नेमली होती.

परंतु येथें श्रोत्यांनीं गिरण्यांच्या जमिनींचा इतिहास ध्यानीं घ्यावा. १९९१ च्या नियमानें त्या जमिनींचा एक तृतीयांश भाग उद्यानें व मैदानें यांस, एक तृतीयांश सार्वजनिक घरांस आणि उरलेला मालकांस मिळावयाचा होता. २००१ मध्यें नियम बदलला. वांटणी केवळ आधींपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती राहिली, आणि सर्वोच्च न्यायालयानें २००६ मध्यें तो बदल मान्य केला. लोकांच्या वांट्यास आलें तें थोडकेंच.

शिवडीस या गोष्टीचें महत्त्व विशेष आहे. नायगांव, वरळी व ना. म. जोशी मार्ग येथील बी. डी. डी. चाळींच्या पुनर्बांधणीचें काम २०१७ मध्यें हातीं घेण्यांत आलें. शिवडीच्या चाळी मात्र जमीन पोर्ट ट्रस्टची म्हणून मागें राहिल्या. १२ जानेवारी २०२४ पासून येथूनच सुमारें २२ किलोमीटरांचा सेतु समुद्र ओलांडून जात आहे. त्या सेतूवरून जाणाऱ्यास समुद्र क्षणांत दिसतो. त्याच्या पायथ्याशीं पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या चाळकऱ्यासही घराजवळ किनारा आणि किनाऱ्याजवळ घर लाभलें, तरच शिवडीचा उद्धार झाला असें म्हणतां येईल.